जोडीनं दोह्याला

कतारला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी उन्हाचं विचारतात, मग सोन्याचं. आमच्या जवळच्या मित्रांनी मात्र तिसरंच विचारलं होतं, तेही निघण्यापूर्वी. "तुम्ही दोघं? आणि तिथे?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. शशांक आणि मी नवरा-नवरा आहोत. मुळशीजवळ एका मित्राच्या आमराईत, शशांकची आई, माझी आई आणि मोजकी मंडळी यांच्यासमोर आम्ही एकमेकांना हार घातले, त्याला आता बरीच वर्षं झाली. आपल्याकडे आमच्यासारख्यांनी एकत्र राहणं गुन्हा नाही, पण आमच्या लग्नाची नोंद करणारं सरकारी टेबलही नाही. कतारमध्ये तर ते कायद्यानं गुन्हाच आहे. म्हणून तिथे आम्ही दोन मित्र म्हणून जायचं, असं ठरवलं. अंगठ्या पुण्यातच कपाटात ठेवल्या. विमानात शशांक सारखा रिकामं बोट चोळत होता.

जायचं कारण म्हणजे माझी मोठी बहीण. ताई आणि दाजी लग्नानंतर लगेच दोह्याला गेले. दाजी गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. आमच्या लग्नाला ताई आली नव्हती. तब्येतीचं कारण तिनं कळवलं होतं, ते मी खरं मानलं नाही आणि तिलाही मी ते मानीन असं वाटलं नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं आम्ही फोनवर आईच्या गोळ्यांबद्दल बोलायचो. शशांकचं नाव त्यात कधी आलं नाही. मग मागच्या वर्षी नाशिकला आई गेली. शेवटचे दोन महिने तिची अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं यांत शशांक माझ्याइतकाच होता. दिवसकार्याला आलेल्या ताईला ते शेजाऱ्यांकडून कळलं. या वर्षी दसऱ्याला तिचा फोन आला. "दिवाळीला दोघं या," म्हणाली. एरवी नवरा-बायकोला आपण 'जोडीनं या' म्हणतो. ती 'दोघं' म्हणाली. मला तेवढंही पुष्कळ होतं.

अल थुमामा

विमानतळापासून ताईचं घर जवळ आहे. अल थुमामा हा दोह्याच्या दक्षिणेकडचा वस्तीचा भाग. उंच भिंतीच्या आत सारख्या दिसणाऱ्या बैठ्या घरांची रांग, मध्ये खजुराची झाडं, एक पोहण्याचा तलाव आणि त्याच्या काठावर टॉवेल पांघरून बसलेली देशोदेशीची पोरं. रंग एकच, वाळूचा. पण ताईच्या दारात पाऊल टाकलं आणि चकलीच्या तळणाचा वास आला. क्षणभर नाशिकच्या घरीच आल्यासारखं वाटलं.

दाजींनी आमच्या बॅगा उचलल्या आणि शशांकला "या सर" म्हणाले. शशांक ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे 'सर' म्हणणं तसं चुकीचं नव्हतं, पण त्या शब्दानं एक अंतर नीट राखलं होतं. दाजी मोजकं बोलणारे. रस्ते, हवा, भारतातले पेट्रोलचे भाव यांपलीकडे ते जात नाहीत. माझी भाची सई नववीत आहे. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तरं ती इंग्रजीत देते. ताई 'जेवायला ये' म्हणाली की ती 'कमिंग' म्हणते. हे त्या घरात इतकं सुरळीत चालतं की दोन दिवसांत आम्हालाही त्यात काही वावगं वाटेना.

पाहुण्यांच्या खोलीत दोन पलंग होते, दोन भिंतींना लावलेले. "इथे असेच आहेत," ताई चादर सारखी करत म्हणाली. शशांकनं "छान आहे खोली" म्हटलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या बुलबुलाकडे तिचं लक्ष वळवलं. पांढऱ्या गालाचा बुलबुल होता तो. ताई इतकी वर्षं तो पाहत होती, पण त्याचं नाव तिला त्या दिवशी कळलं. पक्षी हा शशांकचा छंद. कुठेही गेलो तरी आधी तो आभाळाकडे बघतो, मग माणसांकडे.

माझा छंद जमिनीवरचा. मी गोधड्या शिवतो. आत्याकडून शिकलो आणि सोडलंच नाही. पुण्यात रविवारी सकाळी आम्ही दोघं एका धर्मशाळेत जातो. बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरलेले असतात. दिवसभर वाट पाहणं हेच त्यांचं काम. मी त्यांना जुन्या साड्या, धोतरं, शर्ट जोडून गोधडी शिवायला बसवतो. हात चालू राहिले की माणूस बोलायला लागतो. शशांक त्यांच्या मुलांचा अभ्यास घेतो आणि अधूनमधून मला सुया ओवून देतो, कारण चाळिशी लागल्यापासून मला सुईचं भोक दिसत नाही. संसार म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला हेच आठवतं. मी न बघता हात पुढे करतो आणि त्यात ओवलेली सुई येते.

ताईनं हे तिच्या मैत्रिणींना सांगितलं होतं. दोह्यातल्या काही मराठी बायकांनी मिळून एक चांगलं काम धरलं आहे. इथे नोकरीला आलेल्या तरुण जोडप्यांना मूल होतं, तेव्हा व्हिसा किंवा तब्येतीपायी पुष्कळदा आजी येऊ शकत नाही. मग या बायका डिंकाचे लाडू करतात, बाळाला मालिश करायला जातात, बाळंतिणीला चार घटका झोपू देतात. बाळाला गोधडी मात्र कोणाला शिवता येत नव्हती. ती शिकवायचं मी कबूल केलं होतं.

सूक

पण सुया गेल्या होत्या. गोधडीच्या जाड, लांब सुया मी वेंधळेपणानं हातातल्या पिशवीत ठेवल्या आणि मुंबईच्या तपासणीत त्या काढून घेतल्या गेल्या. तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आम्हाला जुन्या बाजारात, सूकमध्ये, घेऊन गेली.

सूक बघावाच असा आहे. मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी वासे, अरुंद बोळ. एकीकडे केशर आणि वाळलेली लिंबं, दुसरीकडे उदाचा धूर. एका गल्लीत नुसते ससाणे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ओळीनं बसलेले. शशांकला तिथून हलवताना मला आणि ताईला दोन्ही बाजूंनी ओढावं लागलं. ती ओढाताण करताना ताई हसली. तिनं त्याच्या दंडाला धरलं होतं हे तिच्याही लक्षात आलं नसावं.

सुयांसाठी मात्र बरीच वणवण झाली. कापडवाले शिवणयंत्राच्या सुया दाखवायचे. शेवटी एका लहानशा दुकानात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ भेटले. मूळचे सिंधमधले, बोलणं हिंदी-उर्दूचं. मी हातानं धावदोरा घालून दाखवला. ते थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रल्ली." त्यांची आई शिवायची. आमची गोधडी ती त्यांची रल्ली. त्यांनी आतून डबा आणला, त्यात हव्या तशा सुया होत्या. कोणासाठी शिवता, त्यांनी विचारलं. नव्या बाळांसाठी, मी म्हणालो. मग आम्हाला तसंच जाऊ देणं त्यांना बरं वाटेना. करक आला. करक म्हणजे वेलदोडा घालून दाट आटवलेला दुधाचा चहा. दुकानाच्या पायरीवर बसून तो पिताना त्यांनी आईच्या रल्लीतले रंग एकेक करून सांगितले. निघताना मी अरबीत "शुक्रन" म्हणालो. ते हसून म्हणाले, आपल्यात शुक्रिया चालेल.

फरीज बिन ओमरान

गोधडीचा वर्ग काकूंच्या घरी भरला. काकू म्हणजे त्या बायकांमधल्या सगळ्यात वडील, लातूरकडच्या. फरीज बिन ओमरान या दोह्यातल्या वस्तीत एका जुन्या इमारतीत त्या आणि त्यांचे यजमान राहतात. खाली केरळी माणसाचं किराणा दुकान, शेजारी खबूस, म्हणजे अरबी रोट्या, भाजणारी भट्टी. दुपारी काकूंच्या दिवाणखान्यात सतरंजीवर सहा-सात जणी बसल्या होत्या. मध्ये त्यांच्या जुन्या साड्या, मुलांचे आखूड झालेले गणवेश आणि दाजींचे दोन शर्ट. त्यांच्यासमोर मी, एकटा पुरुष.

पहिली दहा मिनिटं अवघड गेली. मग थर कसे लावायचे, टाका कडेनं आत कसा वळवायचा, बाळाच्या गोधडीला खालून मऊ धोतराचं पान का लावायचं, हे सांगता सांगता आमची गाडी रुळाला लागली. काकूंना थोडंफार येत होतं. त्यांचा टाका माझ्यापेक्षा सरळ होता. शिवता शिवता त्यांनी सहज विचारलं, "मंडळी काय करतात तुमची?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तरं असतात. त्या दिवशी एकही आठवलं नाही. खोटं बोलावंसंही वाटेना. 'मंडळी' या शब्दानं आणि आपल्या आदरार्थी बहुवचनानं मला आडोसा दिला. "शिकवतात," मी म्हणालो. "ज्युनिअर कॉलेजात. केमिस्ट्री."

"अगं बाई, हुशार हायत की. मग घेऊन यायचं त्यांनाबी."

मी हसलो आणि दोरा तोडला. ताईनं मान वर केली नाही.

संध्याकाळी शशांक आम्हाला न्यायला आला. दाजी खाली गाडीत थांबले होते. दारात उभ्या असलेल्या माणसाला काकूंनी आत बोलावलं, पाणी दिलं, कुठले, काय करता, असं रीतीप्रमाणे विचारलं. बिचाऱ्याला मागचं काहीच माहीत नव्हतं. "पुण्याला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो," तो म्हणाला.

ताईचा हात टाका घालता घालता थांबला. बाकीच्या जणी कापडांच्या घड्या करण्यात आणि आपापसात बोलण्यात गुंतल्या होत्या. काकूंनी मात्र त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बसा," म्हणाल्या, "चहा टाकते. साखर किती घेता?"

घरी पोचल्यावर दाजी गाडी लावायला गेले तेव्हा ताई म्हणाली, "दुसरा विषय नाही सुचला तुला? भूगोल म्हणायचंस." मला हसू आलं आणि तिचा चेहरा पाहून ते विरलं. तिला खरोखर भीती वाटत होती. "आमचं सगळं इथे आहे रे," ती म्हणाली. "यांची नोकरी, सईची शाळा. एक माणूस एक शब्द बाहेर बोलला तर काय होईल, मला माहीत नाही." मी तिला दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू का म्हणून विचारलं. ती दार उघडून आत गेली. त्या रात्री आम्ही दोघं आपापल्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ जागे होतो.

खारफुटी

तिकीट काढलं नाही, कारण सकाळी दाजी दारात उभे होते. शुक्रवार होता, त्यांना सुट्टी. "सर, रोहित पक्षी बघायचे आहेत ना? यल्ला, निघू या," एवढंच म्हणाले. ताईनं त्यांना आदल्या दिवसाचं सांगितलं होतं की नव्हतं, ते आजही मला माहीत नाही.

दोह्याच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर समुद्राकाठी खारफुटीचं रान आहे. दोन्ही बाजूंना सपाट, फिकट वाळवंट, आणि अचानक समोर हिरवं. भरतीचं पाणी झाडांच्या बुंध्यांतून आत येतं, पाण्यात छोटे मासे चमकतात, चिखलात खेकडे तिरके पळतात. कोकणातल्या खाडीची आठवण येते, फक्त इथे माणसाचा आवाज नाही. लांब उथळ पाण्यात रोहित उभे होते. फार नव्हते, थंडीचे पाहुणे नुकतेच यायला लागलेले. शशांकनं दुर्बीण आधी दाजींना दिली. दाजी इतकी वर्षं या रस्त्यावरून कामाला जातात. ते खूप वेळ दुर्बीण खाली करेनात. मग म्हणाले, "चोच उलटी धरून खातात हे." शशांक त्यांना सांगायला लागला, तसे ते प्रश्न विचारत गेले. मी आणि ताई मागे सतरंजीवर बसून पराठे सोडत होतो.

तेवढ्यात शशांक वाकला. आधी मला वाटलं काही उचलतोय. मग तो गुडघ्यांवर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, कमरेला धरून तो बोलूही शकत नव्हता. त्याला ओकारी झाली. मी धावलो, त्याला कवटाळून धरलं, नावानं हाका मारल्या. मित्र असा धरतो का, याचं भान मला राहिलं नाही.

दाजींनी गाडी जितक्या वेगानं कायद्यानं चालवता येते तितक्या वेगानं चालवली. दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. मी त्याच्या मागे निघालो, तर दारातल्या नर्सनं हात आडवा केला. ती केरळची असावी, थकलेली पण मृदू होती. पेशंटबरोबर एकच माणूस आत, आणि तोही घरातला, तिनं सांगितलं. तुमचं नातं काय?

या प्रश्नाला आयुष्यात मी अनेकदा तोंड दिलं आहे. घर भाड्यानं घेताना, बँकेत, पुण्याच्या हॉस्पिटलातही. तिथे मी भांडू शकतो. इथे माझ्या एका शब्दावर ताईच्या अख्ख्या घराची घडी अवलंबून होती. "फ्रेंड," मी म्हणालो. मित्रांनी बाहेर बसायचं, असं नर्सनं नम्रपणे सांगितलं. आतून शशांकचं कण्हणं ऐकू येत होतं.

तेव्हा ताई पुढे आली. पदर खोचलेला, चपलांना खाडीचा चिखल. स्वच्छ इंग्रजीत, हॉस्पिटलात शोभेल अशा शांत आवाजात ती म्हणाली, "आय ॲम हिज सिस्टर-इन-लॉ. ॲण्ड दिस इज माय ब्रदर."

नर्सनं मान हलवली. घरचीच माणसं आहेत म्हटल्यावर तिला पुढे काही विचारायचं नव्हतं. कोण आत येणार, एवढंच तिनं विचारलं. ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला आत ढकललं. "जा," ती मराठीत म्हणाली. "तो घाबरला असेल."

मुतखडा होता. इंजेक्शननं कळ थांबली, पुढचं पुण्याला जाऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले. शशांक ग्लानीत होता आणि माझा हात त्याच्या चादरीखाली होता. तो झोपल्यावर मी बाहेर आलो. दाजी औषधं आणायला गेले होते. ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "ताई, तुला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं."

तिनं माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं.

"खोटं काय बोलले? नणंदच आहे मी त्याची."

इंग्रजीत भावजय आणि नणंद यांना एकच शब्द आहे. नर्सनं काय समजायचं ते समजून घेतलं. ताई तिथे खरं तेच बोलली होती, आणि मला ते तिच्या तोंडून आपल्या भाषेत ऐकायला इतकी वर्षं लागली होती. मी रडलो. ताईनं पर्समधून रुमाल काढून दिला. आईचं दुखणं, तिचं लग्नाला न येणं, त्या सगळ्याबद्दल आम्ही तेव्हा काही बोललो नाही. तिनं फक्त विचारलं, त्याला मुगाची खिचडी आवडते का.

पुन्हा अल थुमामा

शशांकचं दुखणं कानावर गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. यजमान बाहेर गाडीत होते. काकूंच्या हातात थर्मास होता. हुलग्यांचं पाणी, जिरं आणि मीठ घालून उकळलेलं. मुतखड्यावर आमच्याकडे हेच देतात, म्हणाल्या. शशांक आत झोपला होता. ताई पाणी आणायला गेली तेव्हा काकूंनी थर्मास माझ्या हातात दिला आणि हलक्या आवाजात सांगितलं, "तुमच्या मंडळींना दोनदा पाजा. कोमट करून."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. "लेकरा, मला काय बी सांगू नगंस. मी काय बी इचारलं न्हाई." मग पिशवीतून बाळाची गोधडी काढून कडेचा टाका बरोबर आलाय का ते दाखवलं. बरोबर आला होता. त्या गेल्यावर ताई बराच वेळ थर्मासकडे बघत बसली. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. परक्या मुलखात एका घराला दुसऱ्या घराचा किती आधार असतो, हे मला त्या थर्मासनं शिकवलं.

शशांक दोन दिवसांत हिंडू-फिरू लागला. लक्ष्मीपूजन झालं. तिथे फटाके नाहीत, दिवाळीची सुट्टी नाही. दाजी कामावरून आले, अंघोळ करून सोवळं नेसले. पणत्या आम्ही घराच्या आत, खिडकीच्या कट्ट्यावर लावल्या. सईनं दारात छोटी रांगोळी काढली. पाकिस्तानी शेजारणीनं गाजरहलवा पाठवला आणि आमच्या चकल्या तिकडे गेल्या. पुण्यात आमच्या सोसायटीत इतका गोंगाट असतो की दिवे बघायचे राहून जातात. इथे दिवेच तेवढे होते.

पाडव्याच्या संध्याकाळी ताईनं पाट मांडला. दाजी टोपी घालून बसले. तिनं त्यांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. दाजींनी तबकात ओवाळणी ठेवली. मी आणि शशांक सोफ्यावर बसून बघत होतो. घरी आम्हीही एकमेकांना ओवाळतो, पण ते घरी. मी उठून स्वयंपाकघरात पानं घ्यायला निघालो.

"कुठे चाललास?" ताई म्हणाली. तिनं निरांजनात तूप घातलं, वात पुढे सारली आणि तबक शशांकच्या हातात दिलं. मला म्हणाली, "बस."

मी दाजींकडे पाहिलं. ते पाटावरून उठले होते. मला वाटलं आता ते आत जातील, आणि त्यांनी तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. त्यांच्या घरात, त्या देशात, त्यांनी इतकं सोसलं हेच खूप होतं. ते आत गेले नाहीत. त्यांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. जरा मोठी होत होती. त्यांनी ती मागून नीट केली.

मी पाटावर बसलो, शशांक पुढे वाकला. कुंकू माझ्या नाकावर सांडलं. सईनं फोटोसाठी फोन उचलला होता. तिनं आईकडे पाहिलं आणि तो उपडा ठेवून दिला. मग हळूच, मराठीत म्हणाली, "मी लक्षात ठेवीन."

ओवाळून झाल्यावर मी उठलो. टोपी काढून दाजींना परत द्यायला गेलो तर त्यांनी ती माझ्याकडून घेतली, शशांकच्या डोक्यावर ठेवली आणि पाटाकडे हात केला.

"शशांकराव," ते म्हणाले, "बसा आता तुम्ही."